माझं नाक आनि गॅसचा अलार्म

मी मूळची ओव्याची. आता ओवे बोललं की तुमच्या डोळ्यापुढं खारघरच्या उंच बिल्डिंगा येनार, पन माझ्या लानपनी तिकडं डोंगर, भाताची खाचरं आनि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, येवढंच व्हतं. माझं नाव मंजुळा. बापाची शेती, आई पनवेलच्या बाजारात भाजी न्यायची, आमी पाच भावंडं, त्यात मी चौथी, म्हंजे ना मोठी ना धाकटी, कोनाच्या ध्यानात नसलेली. पन देवानं मला एक गोष्ट बाकीच्या चौघांपेक्षा जास्त दिली, ती म्हंजे हे नाक. हसू नका बाय, खरं सांगते, लिवून घ्या. सात-आठ वर्सांची असेन, दुपारी आमी जेवायला बसलो व्हतो आनि मी बोलली, आये, पेंढा जळतोय. आईनं बायेर डोकावून बघितलं, धूर नाय काय नाय, मला बोलली, जेव गुमान. मी परत बोलली, जळतोय. मग बाप हात धुवायला उठला तो सहज उडवीकडं गेला, पेंढा उपसला, तर आतमधी पार काळा पडलेला आनि हात लावला तर चटका. ओला पेंढा रचला व्हता, तो आतल्या आत तापला व्हता. अजून तासभर गेला असता तर उडवी गेली असती आनि बाजूचा गोठा पन. बाप घरात आला आनि त्यानं माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. त्या दिवसापासून गावात मी नाकवाली झाली.

लग्न होऊन या सुकापूरला आली. आमचे हे कंपनीत व्हते, शिफ्टला जायचे, घरात सासू-सासरे, दोन दीर. सासूनं मला पयल्याच आठवड्यात बाजारात बसवली, मावरं इकायला. मावरं म्हंजे मासळी, तुमाला ठाऊक हाय. पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच मी सांगायची, ही कोळंबी आजची नाय, हा बोंबील कालचा, आनि सासू बोलायची, या पोरीच्या नाकात डोळे हायत. गिऱ्हाईक मला बघून यायचं. मंजुळा बोलली ताजं तर ताजं, मग कोन मासळीचे कान, म्हंजे कल्ले, वर करून बघत नसे. पंचवीस-तीस वर्सं मी त्या बाजारात काढली, मग गुडघे बोलू लागले, आमचे हे पन गेले, तवा मी घरी बसून तांदळाच्या भाकऱ्या करायला लागली. त्या तुमी नेता. आता या घरात मी, मुलगा, सून सुवर्णा आनि माझी नात श्रेया. मुलगा टेम्पो चालवतो, सुवर्णा पनवेलला साडीच्या दुकानात जाते, आनि श्रेया दिवसभर माझ्याकडं. साडेतीन वर्सांची हाय, तोंड सारखं चालू.

मी काय सांगत व्हती? हां, नाकाचं. तर काय सांगू तुमाला, या आळीत कोनाचं काय पन आलं की माझ्यापुढं यायचं. कोनी लोनच्याची बरनी घेऊन यायची, बघ गो मंजुळा, बुरसलं का. कोनी नवा तांदूळ ओंजळीत आनायची. दूध नासायच्या आधी मी सांगायची, आज हे नासनार. एका बाईच्या घरात वायर जळत व्हती, भिंतीच्या आत, ती मी रस्त्यावरून जाताना सांगितली. लोकं मानायची बाय. माझ्याकडं शिक्शन नाय, दागिना नाय, माझ्या नावावर काय असेल तर हे येवढंच. म्हनून पुढं जे मी केलं ते केलं. पाप केलं, पन का केलं ते तरी तुमाला कळू दे.

गॅस घरात आला तवा मी घाबरली व्हती. चुलीचा इस्तव डोळ्यापुढं असतो, लाकूड ओढलं की इझतो, आनि हे म्हंजे लोखंडाच्या टाकीत कोंडलेलं, दिसत नाय, ऐकू येत नाय. शेगडी जोडायला मानूस आला व्हता, त्याला मी बोलली, हा वास कसला रे घानेरडा? तो बोलला, मावशी, गॅसला स्वतःचा वास नसतोच, हा वास मुद्दाम मिसळलेला असतो, मानसाला कळावं म्हनून. मी कितीतरी वेळ त्या टाकीकडं बघत ऱ्हायली. म्हंजे कोनीतरी कुठंतरी बसून इचार केला की पनवेलजवळच्या सुकापुरात कुनी एक बाई असेल, तिला हे दिसनार नाय, तर तिच्या नाकासाठी यात वास घालूया. मला तर भरूनच आलं. मला वाटलं, हे माझ्याचसाठी केलंय. आनि तवापासून आळीत कोनाकडं नवा सिलेंडर लागला की हाक यायची, मंजुळा, जरा नाक फिरवून जा. मी जायची, सिलेंडरच्या तोंडाशी वाकायची, हुंगायची, बोलायची, पेटव. आनि ती पेटवायची. माझ्या एका शब्दावर, बाय.

मग तो ताप आला. सगळ्या जगाला आला तोच. आमच्या घरात सगळ्यांना झाला, सगळे बरे झाले, मी पन बरी झाली, देवाची कृपा. भाकऱ्या परत चालू केल्या. एक दिवस तव्यावर सुकट भाजायला टाकली आनि दारात उभी ऱ्हाऊन बाजूच्या बाईशी बोलत बसली, ती बाई बोलली, अगो मंजुळा, तुझं काय जळतंय? मी मागं वळली तर घर धुरानं भरलेलं आनि तव्यावर कोळसा. मी त्या तव्यावर तोंड धरलं. काय नाय. हिंग डब्यातून काढला, नाकाला लावला, काय नाय. रॉकेलची जुनी बाटली व्हती ती उघडली, काय नाय. पान्याचा वास घ्यावा तसं. मी तिथंच खाली बसली. लोकं बोलली व्हती की या तापात वास जातो, मग येतो. मी वाट बघितली. महिना बघितली, वरीस बघितली. सुवर्णाचा आला, मुलाचा आला, माझा आला नाय.

आनि मी कोनाला सांगितलं नाय. सुनेला नाय, मुलाला नाय, कोनालाच नाय. कशी सांगनार? नाकवालीचं नाक गेलं बोलले असते लोक, आनि मग माझ्याकडं कोन कशाला आलं असतं? मी काय काय शिकली ते ऐका. मोहरी तडतडली की कानानं बघायची. भाकरीचा पापुद्रा सुटला की डोळ्यानं. मासळीला अंगठा दाबायचा, खड्डा भरून आला तर ताजी, कान उघडून लाल का काळे बघायचे, जे मी जल्मात केलं नव्हतं ते. दुधाचं कोनी इचारलं तर वाटी हातात घ्यायची, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा, आनि मग हळूच इचारायचं, कवा तापवलं व्हतं गो? ती बोलायची, सकाळी. मग मी बोलायची, नासनार. शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर यायचं. चार वर्सं मी हे नाटक केलं. तुमी माझ्याकडून सुकट नेली तवा तुमच्यासमोर पन केलं, माफ करा मला.

आता इकबालभाईंचं सांगते. आमची नि त्यांची भिंत एकच, मागचं अंगन पन एकच. ते पनवेलचे, मोहल्ल्यातले, इकडं जागा घेऊन आले. वीस-बावीस वर्सं आखातात व्हते, तिकडं तेल आनि गॅस काढतात त्या ठिकानी. त्यांची बायको रुकैया, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्सांनी लान, मला मंजुळाबाय बोलते, ईदला तिच्याकडून शिरखुर्मा, गणपतीत माझ्याकडून मोदक, पोरंबाळं दोघांची मोठी झालेली, म्हंजे एकमेकीशिवाय करमत नाय अशी. इकबालभाई कायमचे परत आले तवा बॅगेत काय आनलं असेल? लोकं अत्तर आनतात, ब्लँकेटं आनतात. त्यांनी आनले दोन गॅसचे अलार्म. एक त्यांच्या किचनमधी लावला, एक माझ्या हातात दिला. साबनाच्या वडीयेवढं पांढरं डबडं, प्लग लावला की हिरवा दिवा लागतो, बस. बोलले, मंजुळाबाय, गॅस लीक झाला तर हे ओरडतं. मी बोलली, याला नाक कुठं हाय? ते हसले, बोलले, आत हाय. मी उलटं करून बघितलं, नुसत्या बारीक फटी. मी मनात बोलली, मला येवढं मोठं नाक असून येत नाय, याला काय येनार.

आनि एक गोष्ट मला अजिबात पटली नाय. ते बोलले, हे खाली लावायचं, फरशीपासून वीतभर-हातभर वर, सिलेंडरच्या बाजूला. कारन हा टाकीतला गॅस जड असतो, तो हवेत वर जात नाय, पान्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, मोरीकडं जातो, कोपऱ्यात साचतो. बिल्डिंगमधी जो पायपाचा गॅस येतो तो हलका, तो छताला जाऊन चिकटतो, तिथं अलार्म वर लावायचा. मी ऐकत ऱ्हायली. एक गॅस वर चालतो, एक खाली चालतो, आनि आपून दोघांनाही गॅसच बोलतो. पन खाली? पायाशी? जिथं झाडू लागतो, पोरांचे पाय लागतात, तिथं घर राखनारी वस्तू ठेवायची? आमच्यात असं करत नाय. मी काय केलं, देव्हाऱ्याच्या बाजूला वर जो प्लग हाय तिथं लावलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. रोज दिवाबत्तीला देवांबरोबर त्याला पन हात जोडायची. इकबालभाई दोनदा येऊन सांगून गेले, मंजुळाबाय, खाली घ्या. मी बोलली, घेते. घेतलं नाय. मग एकदा सुवर्णा कामाला निघताना आरशापुढं सेंट मारत व्हती, आरसा देव्हाऱ्याशेजारीच, आनि ते डबडं जे किंचाळलं, श्रेया रडायला लागली, कुत्री भुंकायला लागली. मी बोलली, बघ, याला सेंट आनि गॅस यातला फरक कळत नाय. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो दिवस शुक्रवारचा. सकाळी रुकैयाकडं सिलेंडर आला. लावायचं काम इकबालभाईंचं, ते नेहमी लावल्यावर साबनाचा फेस करून जोडावर सोडतात, बुडबुडा आला तर लीक, नाय आला तर बरोबर. तिकडची सवय. पन त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजीला उशीर झाला व्हता, घाईत रेग्युलेटर बसवला, टोपी घातली आनि निघाले. दुपारची वेळ. मी श्रेयाला भरवत व्हती. रुकैयानं मागच्या दारातून हाक मारली, मंजुळाबाय, जरा येता काय, मला कायतरी वास येतंय. मी बोलली, आली. श्रेयाला कडेवर घेतली आनि गेली.

तिचं किचन लान, ओटा, ओट्याखाली सिलेंडर, मागचं दार लोटलेलं. ओट्यावर तोपात तांदूळ धुवून ठेवलेले. मी श्रेयाला फरशीवर बसवली, तिला रुकैयानं बिस्कीट दिलं. रुकैया बोलली, मला वाटतंय गॅसचा हाय, पन नक्की कळत नाय, कवा येतंय, कवा नाय येत. तुमचं नाक बोलेल ते खरं. आता बघा, तिनं असं बोलल्यावर मी काय केलं. मी डोळे मिटले, मान वर केली, लांब श्वास घेतला. चार वर्सांची सवय. खालून श्रेया बोलली, आजी, शी, घान वास येतोय. ती फरशीवर बसलेली, तिच्या नाकाशी तो आला व्हता, पोरीनं नाक दाबून धरलं व्हतं. आनि मी तिला काय बोलली? मी बोलली, गप बस. मग रुकैयाला बोलली, काय नाय गो, माझ्या अंगनात जवळा वाळत घातलाय त्याचा वास आत येतोय. पेटव खुशाल.

हे जसंच्या तसं लिवून घ्या बाय, बदलू नका. पेटव खुशाल, असं मी बोलली.

रुकैयाचा चेहरा असा मोकळा झाला. ती बोलली, तुमी बोललात तर मग बरंच. तिनं तोप उचलून शेगडीवर ठेवला, हात पुसला, लायटर घेतला. आनि खालून, ओट्याखालच्या भिंतीवरून, ते ओरडलं. टीं टीं टीं टीं, थांबायचं नाव नाय, हिरव्याचा लाल झालेला. श्रेयाच्या हातातलं बिस्कीट पडलं. रुकैयानं लायटर धरलेला हात तसाच धरला आनि माझ्याकडं बघितलं. त्या डबड्याकडं नाय, माझ्याकडं. बोलली, मंजुळाबाय? आनि माझ्या जिभेवर काय आलं सांगू? माझ्या जिभेवर आलं की ते मशीन येडं हाय, आमच्याकडं सेंटला ओरडलं व्हतं, तू पेटव. आलं व्हतं, अगदी ओठापाशी आलं व्हतं. ती माझं ऐकनार व्हती. तिचा अंगठा लायटरवर व्हता. मी त्या लाल दिव्याकडं बघितलं. मला वाटलं, याला काय पडलंय? याला कोन नाकवाली बोलत नाय. याची इज्जत जात नाय, याला गिऱ्हाईक नाय, याला काय लपवायचं नाय. याला आलं ते हे बोलतंय. आनि मी, जिच्यावर आख्खी आळी इसवास ठेवते, ती मी खोटं बोलतेय, आनि माझी नात खाली फरशीवर बसलीय.

मी बोलली, रुकैया, पेटवू नको. मला वास येत नाय. चार वर्सं झाली, मला कसलाच वास येत नाय.

ती बोलली, काय बोलता? मी बोलली, मी खोटी हाय, ते खरं हाय, लायटर ठेव. तिच्या हातातून मीच काढून घेतला. तिचा दुसरा हात पंख्याच्या बटनाकडं गेला, हवा बायेर जावी म्हनून, तो मी झटकला, कारन इकबालभाईंचं तेवढं माझ्या ध्यानात व्हतं, की बटन दाबायचं नाय, चालू नाय आनि बंद नाय, त्यातली ठिनगी पुरते. ओट्याखाली वाकून रेग्युलेटर बंद केला. तिनं दार-खिडक्या सताड उघडल्या. मी श्रेयाला उचलली आनि आमी तिघी बायेर, पार रस्त्याच्या पलीकडं, सोनचाफ्याच्या झाडाखाली. रुकैया ओरडून सगळ्यांना सांगत व्हती, इकडं कोनी बिडी पेटवू नका, गाडी चालू करू नका. आनि आतून ते ओरडतंच व्हतं. घरात कोन नाय, मानूस नाय, आनि ते एकटं ओरडतंय. बाय, मी देवळात पन कवा अशी उभी ऱ्हायली नाय. हात आपोआप जोडले गेले. जे मला दिसत नाय, मला येत नाय, रुकैयाला जरा येतं जरा येत नाय, त्याच्यामधी ते डबडं बसलंय आनि सांगतंय, अजून हाय, अजून हाय. मग बराच वेळानं ते आपलं आपून गप झालं. कोनी बंद केलं नाय. गॅस दाराबायेर गेला आनि ते गप झालं. ते येवढं खरं व्हतं की गप कवा व्हायचं ते पन त्याला ठाऊक व्हतं.

इकबालभाई नमाजीवरून आले, गर्दी बघून धावत आले. आत गेले, रेग्युलेटर काढला, सिलेंडरच्या तोंडात रबराची रिंग असते ती चिरलेली. तोंडावर झाकन बसवलं, सिलेंडर उचलून उघड्यावर आनून ठेवला, गॅसवाल्यांना फोन पन रस्त्यावर येऊन केला. मग कपाळाला हात लावून बसले. बोलले, मी फेस लावला नाय, माझी चूक. मी बोलली, चूक माझी हाय. रुकैया दोघांकडं बघत व्हती. मग ती मला बोलली, आनि ते बोलनं मी मरेपर्यंत इसरनार नाय, मंजुळाबाय, मी तुमच्या नाकावर आपलं घर टाकलं व्हतं. तुमी एकदा बोलला असता, नाय येत, तर मी काय तुमाला कमी मानलं असतं? येवढं बोलली आनि आत गेली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाय.

संध्याकाळी सुवर्णा आली, तिला मीच सांगितलं, कोनी बायेरचं सांगायच्या आधी. तिनं श्रेयाला जवळ घेतली. मग बोलली, आई, मी रोज पोरीला तुमच्याकडं टाकून जाते. मी बोलली, उद्यापासून नको टाकू, मला पटेल. ती रडायला लागली. बोलली, पोरीचं नाय बोलत मी, चार वर्सं तुमी एकट्या या घरात शेगडीपुढं बसलात आनि मला बोलला नाय, माझी काय आई लागत नाय का तुमी? मला वाटलं व्हतं ती ओरडंल. ओरडली असती तर बरं झालं असतं, तिच्या रडन्यानं मी पार खचली. दुसऱ्या दिवशी तिनंच इलेक्ट्रिशियनला बोलवून खाली नवा प्लग घेतला, आनि देव्हाऱ्याजवळचं ते मी माझ्या हातानं उतरवलं. कुंकू पुसून काढताना जीव कसानुसा झाला, फटींत गेलं व्हतं ते ब्रशनं झाडलं. इकबालभाईंनी लायटरचा गॅस जरासा सोडून तपासून दिलं, ते बरोबर ओरडलं. फरशीवरची शेगडी पन आता ओट्यावर घेतली, गॅस खालीच साचतो म्हनून. बसून भाकरी थापते, उभी ऱ्हाऊन भाजते, गुडघे शिव्या देतात.

त्यावेळी इकबालभाई माझ्या दारात बसले आनि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तिकडं जमिनीतून एक इषारी गॅस निघतो, अंड्यासारखा वास येतो. पन तो जास्त झाला की पयल्यांदा मानसाचं नाकच मारतो. वास येत नाय, आनि मानूस समजतो की गॅस गेला, आनि तिथंच पडतो. म्हनून तिकडं पयल्या दिवशी शिकवतात, नाकावर इसवास ठेवायचा नाय, छातीला लावलेल्या मशीनवर ठेवायचा. मोठमोठे इंजिनियर पन. ते बोलले, मंजुळाबाय, तुमचं नाक गेलं यात शरम काय हाय? मी बावीस वर्सं नाक घरी ठेवूनच कामावर जायचो. मी हसली बाय. चार वर्सांत पयल्यांदा त्या गोष्टीवर हसली. आनि हसता हसता रडली.

नवव्या दिवशी रुकैया आली. हातात लोनच्याची बरनी. दारातच उभी ऱ्हायली. ती आत आली, बसली, बरनी उघडली, स्वतः हुंगली आनि बोलली, ऐका, मोहरीचा येतंय, जरा लिंबाचा, आनि तळाशी थोडासा कुबट, म्हंजे ऊन दाखवायला पायजे, बरोबर काय? मी बोलली, बरोबर. तिनं मला वास सांगितला. मी नुसतं ऐकलं आनि काय सांगू तुमाला, चार वर्सांनी मला लोनचं आलं. नाकात नाय, कुठं आलं ते ठाऊक नाय, पन आलं. आता ती कायम असंच करते. श्रेयाला पन मी शिकवते. तिला दोनच ठाऊक, छान आनि घान. मी बोलते, तसं नाय, सांग, कच्चा का भाजलेला, ओला का सुका, आंबट का तिखट. ती तोपावर नाक धरते आनि सांगते, आजी, भात ओला छान येतोय.

आळीत सगळ्यांना मीच सांगितलं, एकेका घरी जाऊन. थोडी लोकं हसली, हसू देत. पन एक गंमत बघा, लोकं अजून हाक मारतात. सिलेंडर लागला की बोलावतात, आनि मी जाते, हुंगत नाय, वाकते, फेस लावते, बुडबुडा बघते, आनि अलार्म कुठं लावलाय ते बघते. वर असेल तर खाली घ्यायला लावते, आनि बिल्डिंगवाली असेल तर वर. एका घरात फ्रीजच्या मागं लावला व्हता, बरा दिसत नाय म्हनून. मी त्या बाईला बोलली, तो काय तुझ्या शोभेला नाय. आनि कोनाच्या घरी ते डबडं पयल्यांदा लावलं की हिरवा दिवा लागेपर्यंत मी उभी ऱ्हाते. दिवा लागला की मला अजून नवल वाटतं. येवढ्याशा फटीतून आत जातं आनि त्याला कळतं. मानूस कुठं कुठं पोचला बाय. आनि मी तीस वर्सं नाकाचा तोरा मिरवला.

तुमी आता येवढं लिवलंत, हात दुखला असेल, चहा ठेवते. नाय नको बोलू नका. देव तुमचं भलं करो, तुमच्या घरात कवा लाल दिवा लागू नये, आनि लागला तर तो बघायला तुमी जाग्या असा. थांबा, पेटवायच्या आधी एक. माझी एक रीत हाय आता, घरात जो कोन असेल त्याला मी इचारते. श्रेया अंगनवाडीत गेलीय, सुवर्णा दुकानात, तुमी नि मी दोघीच. खाली हिरवा दिवा हाय, तो मी बघितला. तरी तुमी जरा सिलेंडरजवळ वाका, लांब श्वास घ्या, आनि जे असेल ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हनून बोलू नका.

नाय ना येत कसला वास? नक्की?

बरं. तुमी बोललात, मग पेटवते.